नत्थुजीची दाढ

बोरखेडीतून ते पॅनल निघालं तेव्हा गावानं त्याची लेकीसारखी पाठवणी केली. माणसाच्या उंचीचं राखाडी लोखंडी कपाट, आत तारांची दाट वेणी आणि समोर पाटीएवढा काचेचा पडदा. ट्रॉलीत आधी गुडघाभर कुटार, म्हणजे तुरीचं भूस, पसरलं, कुटारावर गाद्या, गाद्यांवर पॅनल आणि पॅनलला चारही बाजूंनी शेखरच्या आईच्या, पार्बताबाईच्या गोधड्या. बायांनी कुंकू लावलं. एक म्हातारी तर पडद्यालाच हळद फासायला निघाली होती, पॅनल बनवणाऱ्या आरतीनं तिचा हात वरच्यावर धरला. शाळेची पोरं कुंपणावर चढून ओरडत होती. फेब्रुवारीचं ऊन होतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुराट्यांचे ढीग पडले होते.

शेखर ट्रॅक्टरपुढे उलटा चालत होता. वय बेचाळीस, अकरा माणसांच्या कंपनीचा मालक, पण त्या दिवशी त्याला बघून कुणी ते म्हटलं नसतं. हातवारे करत तो ड्रायव्हरला खड्डे दाखवत होता.

"हळू! अबे हळू! थे कपाशीचे गाठोडे नाई लेका!"

"भाऊ, तुमी बाजूले झाले त चालवतो ना," ड्रायव्हर म्हणाला.

मडगार्डवर शेखरचे वडील बसले होते. नत्थुजी. डोक्याला नवा पांढरा दुपट्टा, अंगात धुतलेला सदरा. त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि हसू आलं की ते तोंडावर हात घेत होते. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा लाजतो आहे.

पुण्यात बारा वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहून शेखर सहा वर्षांपूर्वी गावात परतला, तेव्हा लोकांनी नोकरी गेली असेल असा हिशेब केला. त्यानं शाळेच्या कुंपणाला लागून टिनाचं शेड घातलं. यंत्रानं आपलं आपण कधी सुरू व्हायचं, कधी थांबायचं, किती तापायचं हे त्याला शिकवणारी पॅनलं तो तिथं करू लागला. आधी जिनिंगवाल्यांची छोटी कामं आली, मग वरूडच्या एका संत्रा पॅकिंगवाल्याचा पट्टा आला. कामाला घेतली ती सगळी गावच्याच शाळेतून निघालेली पोरंपोरी. दर शनिवारी शेडचं दार शाळेसाठी उघडं असे. पोरं येत, जुन्या मोटारी खोलत, तारा जोडत आणि महिन्यातून दोनदा सगळ्या शेडचा फ्यूज उडवत. शेखर ओरडत नसे. फ्यूज का उडला ते फळ्यावर लिहायला लावत असे.

आरती याच शनिवारांतून वर आली. अमरावतीला डिप्लोमा केला आणि दुसरीकडे नोकरी न शोधता थेट शेडमध्ये येऊन उभी राहिली. या पॅनलचा प्रोग्राम तिनं लिहिला होता, एकटीनं.

पॅनल चाललं होतं अकोट रोडवरच्या शालिकराम शेटच्या दाळमिलमध्ये. आजवर शेडनं सुटे भाग केले होते. आख्खा ड्रायर सांभाळणारं हे पहिलंच. शेटनं तीन दिवस दिले होते, गुरुवार ते शनिवार. जमलं तर मिलच्या तिन्ही लाइनी शेखरला, आणि त्या मिळाल्या की शेडमागे शाळेसाठी पक्की कार्यशाळा बांधायची हे शेखरनं कधीच ठरवून टाकलं होतं. नाही जमलं तर पॅनल त्याच गोधड्यांत परत. आणि अकोल्यात एका दाळमिलवाल्यानं परत केलेली वस्तू दुसरा दारात उभी करत नाही.

आता दाळीचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथंच अडलं. तुरीला आधी तेलपाणी देऊन मुरवतात, मग वाळवतात. किती वाळवायची, हाच खेळ. ओली राहिली तर टरफल सुटत नाही आणि रोलरमध्ये दाणा चेंगरतो. जास्त वाळली तर दाणा तडकून चुरा होतो. मधे एक घडी अशी येते की दाण्याचं टरफल अलगद निघतं आणि पिवळ्याजर्द दोन पाकळ्या मोकळ्या होतात. बाजारात त्या दाळीला फटका म्हणतात. ती घडी ओळखतो तो मुकादम. नत्थुजी शालिकराम शेटकडे एकतीस वर्षं मुकादम होते. दाणा दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचे, 'कट' असा आवाज कानात ऐकायचा आणि हात वर करायचा. तो हात वर झाल्याशिवाय रोलर फिरत नसे. नागपूरचे व्यापारी माल घेताना भावाआधी विचारत, "नत्थुजीची दाढ लागली काय?"

शेखरनं यंत्राला तेच शिकवायचं ठरवलं. ड्रायरमधला सेन्सर दाण्यातली ओल मोजून आकडा सांगायचा. पण कुठल्या आकड्याला दाणा जमला, हे सेन्सरला कोण सांगणार? "माह्या बाबाची दाढ सांगन!" शेखर टाळी वाजवून म्हणाला होता. जानेवारीत पंधरा दिवस नत्थुजी शेडमध्ये टेबलाशी बसले. आरती वाटीतून दाणे द्यायची, ते चावून "कच्ची", "जमली", "लय झाली" असं सांगायचे, आणि ती आकड्यापुढे टिपून घ्यायची. अशा दोनशे दहा वाट्या झाल्या.

फक्त एक गोष्ट शेखरला ठाऊक नव्हती, आरतीला नव्हती, शेटला नव्हती. ती तीनच जणांना ठाऊक होती: नत्थुजी, पार्बताबाई आणि अमरावतीचा एक दातांचा डॉक्टर. दिवाळीत शेखर कामासाठी पुण्याला गेला होता, तेव्हा नत्थुजींच्या खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी काढून टाकाव्या लागल्या. अकोल्यात ओळखीचं कुणी भेटेल म्हणून नवराबायको मेहुण्याकडे जातो सांगून अमरावतीला गेले, तीन खेपा घातल्या आणि कवळी बसवून आले. समोरचे दात त्यांचे स्वतःचेच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात म्हणे. नत्थुजींचं उलटं झालं होतं, दाखवायचे खरे आणि खायचे खोटे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असा विचार करून ते शेडमधल्या टेबलाशी बसले होते. आणि दाण्याचा 'कट' तर त्यांना ऐकूही येत होता! उलट पहिल्यापेक्षा जास्त स्पष्ट.

गुरुवारी दुपारी ड्रायर पेटला. तीन माणसं उंच टिनाचा मनोरा, खाली टरफलांवर जळणारी भट्टी. शेखर मनोऱ्याभोवती पाच वेळा फिरला. आरतीनं पडद्यावर बोट टेकवलं, पंखा घुमायला लागला, आणि मिलमधली माणसं हातातलं टाकून बघायला आली.

त्यांत जाईबाई होती. मिलच्या पटांगणात तूर वाळत घातली की तिच्यात पाय ओढत चालायचं, पायांनी सऱ्या पाडायच्या, खालची वर करायची, हे काम ती आणखी चौघींसोबत वीस वर्षं करत होती. टाचांना बोट शिरेल एवढ्या भेगा.

"शेखरभाऊ, उनातून सुटलो त बरंच हाय," ती म्हणाली, "पण काम ऱ्हाईन ना आमचं?"

"पाचही जणी ड्रायरवरच लागसान. शेटसंग आधी थे बोललो, मंग मशीनचं," शेखर म्हणाला.

चार वाजता पडद्यावर हिरवा दिवा लागला. खालचं झाकण कुणीही हात न लावता आपोआप सरकलं आणि गरम तूर धो धो खाली पडली. "उघडलं! बाबा, उघडलं!" शेखर ओरडला. आरतीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जाईबाई सवयीनं अनवाणी त्या ढिगात शिरली, दोन पावलं चालली आणि थांबली.

"भाऊ, आंदरून वली लागून राहिली. पायाले समजते."

नत्थुजींनी दाणा तोंडात टाकला. कट. "जमली हाय," ते म्हणाले, आणि वर आणखी म्हणाले, "तुह्या पायाले काय समजते वो? पाय थे पाय, दाढ थे दाढ."

माणसं हसली. जाईबाई ढिगातून बाहेर आली आणि पाय झटकून बाजूला उभी राहिली.

रोलर फिरला आणि खालून जे आलं ते बघून शेटनं चष्मा काढला. अर्ध्या दाण्यांवर टरफल तसंच चिकटलेलं, उरलेले चेंगरून चपटे. त्यानं मूठभर घेतलं, शेखरच्या तळहातावर ठेवलं आणि ऑफिसात निघून गेला.

नत्थुजी ढिगाच्या मागच्या बाजूला गेले. कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी एक दाणा अंगठ्याच्या नखाखाली दाबला. नख आत गेलं. दुसरा दाबला, तिसरा दाबला. मग त्यांनी तोंडात दाणा न घालताच दाढा एकमेकींवर आपटून बघितल्या. कट. आवाज प्लास्टिकचाच. ते तिथंच पोत्यावर बसले. पंधरा दिवस, दोनशे दहा वाट्या, ते आपल्याच कवळीचा आवाज ऐकत होते.

उठून सांगायचं होतं. पण समोर हमाल होते, जाईबाई होती, एकतीस वर्षं ज्यांच्यासमोर हात वर करून उभे राहिले ती सगळी माणसं होती. आत्ताच तर तिला बोललो, हे आठवलं आणि ते पोत्यावरून उठलेच नाहीत.

शुक्रवारी शेखर आणि आरतीनं पॅनलची एकेक तार तपासली. सेन्सर काढला, पुसला, परत बसवला. दुपारी दुसरी खेप काढली. तीच गत. आरतीनं प्रोग्रामची ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली, तिच्या कपाळावर भट्टीची काजळी आली होती. शेट तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"शेखर, मी तुले आधीच म्हनलं होतं. मोठं काम हाय, पोरीसोरीच्या हाती देऊ नको."

शेखर ताडकन उठला. "शेटजी, थे पोरगी—"

"सर, असन," आरती मधेच म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही. "चूक माहीच असन. लिहिलं त मीच ना. सापडून नाई राहिली, पण माहीच असन."

नत्थुजी तिथून हातभर अंतरावर उभे होते.

"उद्या एक खेप," शेट म्हणाला. "शेवटची. आन उद्या तुही शायाही येऊन राहिली ना पाह्याले? त्याहीले नाई म्हणून टाक. चाळीस पोट्ट्यांसमोर कायले हासं करून घेता?"

"येऊ द्या त्याहीले," शेखर म्हणाला. "फ्यूज उडालेला पाह्यला हाय त्याहीनं. हेही पाह्यतीन."

घरी परतल्यावर शेखर अंगणात पाण्याच्या टाकीला टेकून बसला. दोन दिवस त्याच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. पार्बताबाईनं ताट नेलं तर म्हणाला, "नको वो माय, गिळवत नाई." ती ताट घेऊन तशीच चुलीपाशी आली आणि नत्थुजींसमोर ते दणकन ठेवलं.

"अजी, तुमी सांगता का मी सांगू?"

"हळू बोल."

"कायले हळू बोलू? चार दाढा पडल्या त का नाक कापल्या गेलं का? तठी पोट्टं उपाशी बसलं. थे परक्याची पोरगी चूक माही म्हून राहिली. तुमाले काहीच वाटत नाई काजी?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ अशी माणसाची पंचाईत होते म्हणतात. इथं तर दातही आपले नव्हते. नत्थुजींनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेवून दिला, पुन्हा उचलला.

"मी मुकादम होतो, पार्बता," ते म्हणाले. "लोकं माहं नाव नाई घेत, दाढेचं घेते. थे गेली त माहं उरलं काय?"

पार्बताबाईनं अंगणाकडे हात केला. "थे बसलं ना तठी टाकीपाशी? थे उरलं."

शनिवारी सकाळी दहाला टेम्पो आला आणि चाळीस पोरं मिलच्या पटांगणात उतरली. पांढरे सदरे, तेल लावलेली डोकी. नववीचा वर्ग, सोबत मुख्याध्यापक. पोरांना कालच्या फजितीचं काय, त्यांनी ड्रायर बघून एकच गिल्ला केला. भट्टी कशानं जळते, वर दाणा कोण नेतं, झाकण कुणाच्या हुकमानं उघडतं. शेखर उत्तरं देता देता स्वतःच रंगून गेला. हातभर उंच उड्या मारत तो सेन्सर दाखवत होता, आणि काही वेळ त्याचा चेहरा गुरुवारच्यासारखा दिसायला लागला.

शेट मनानं वाईट नव्हता. पोरांना बघून त्याला हुरूप आला.

"ऐका रे पोट्टे हो! मशीन त आज आली. पण एकतीस वर्सं ही मिल कायच्यावर चालली मालूम हाय? ह्या माणसाच्या दाढेवर. नत्थुभाऊ, या इकडे. दाखवा याहीले, दाणा कसा पारखते थे."

नत्थुजी पुढे आले. शेटनं ढिगातला दाणा त्यांच्या हातावर ठेवला. चाळीस पोरं एकदम गप्प झाली, पुढची पोरं तर आवाज ऐकायला कान पुढे करून वाकली. नत्थुजींनी दाणा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

कट.

"ऐकलं!" पोरं ओरडली आणि टाळ्या वाजल्या. नत्थुजींनी डोळे उघडले. टाळ्या वाजवणाऱ्या पोरांच्या मागे आरती पॅनलला टेकून उभी होती. तिचे डोळे सुजले होते आणि तीसुद्धा टाळ्या वाजवत होती.

त्यांना ते सहन झालं नाही. त्यांनी तोंडात दोन बोटं घातली, कवळी काढली आणि तळहातावर ठेवून हात पुढे केला.

"हा आवाज दाण्याचा नाई," ते म्हणाले. कवळीविना त्यांचा आवाज बसका, परका येत होता. "हा याचा हाय. पलास्टिकचा. दिवाईपासून मले दाढ नाई. शेखर, मी तुले खोटं चावून देलं. पोरीचं काहीच चुकलं नाई. आन जाईबाई, तुह्या पायानं परवाच बरोबर सांगतलं होतं. चूक माही हाय."

मग मागच्या रांगेतली एक पोरगी फस्सकन हसली. तिच्या शेजारची हसली, आणि बघता बघता चाळीसही पोरं खो खो हसायला लागली. मुख्याध्यापक "ए! ए!" करत धावले. नत्थुजींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हमाल दुसरीकडे बघत होते आणि शेटनं चष्मा काढून पुसायला घेतला.

"एकतीस वर्सं, नत्थुभाऊ," शेट हळू म्हणाला. "मले तरी सांगाचं होतं."

शेखर बापाजवळ आला. नत्थुजींना वाटलं, आता बोलेल, आणि बोलावंच त्यानं. शेखरनं त्यांच्या हातावरची कवळी उचलली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. मग वळून ओरडला, "आरती! जुने आकडे पूस!"

"किती, सर?"

"सगये पूस! दोनशे दहाच्या दोनशे दहा!"

आरतीनं बटण दाबलं. पंधरा दिवसांचं काम एका टिचकीत गेलं, आणि नत्थुजींच्या छातीवरचा दगड त्याबरोबरच गेला. खरंच हलकं वाटलं, इतकं की त्यांना क्षणभर लाज वाटली.

"पुसलं, पण आता पुढं?" शेट म्हणाला. "दाढच नाई त मशीन इचारन कोणाले? आजचाच दिवस हाय."

पोरं अजून हसत होती. नत्थुजी त्यांच्याकडे बघत राहिले. उघडी तोंडं. एकाहून एक पांढऱ्या, घट्ट, कोऱ्या दाढा.

"हासा," नत्थुजी म्हणाले. "अजून हासा. तोंड वासा सगये!"

आणि बैलबाजारात गोऱ्हे बघावे तसे ते रांगेतून निघाले. याची हनुवटी वर कर, तिचा गाल बाजूला सार. "हे मस्त हाय. हे बी जमते. तुह्या दाढेत कीड हाय, तू वाट्या आणाच्या कामाले लाग. शेटजी, माही दाढ गेली, पण अठी चाळीस तोंडं हायेत. घ्या!"

शेखरच्या ते लक्षात यायला एक श्वास लागला. मग तो इतक्या जोरात ओरडला की छपरावरची कबुतरं उडाली. "आरती! वही काढ! वाट्या आणा! पोट्टे हो, आज शनिवार हाय ना? हाच तास!"

पोरं ढिगाभोवती गोल बसली. नत्थुजी मधोमध उभे राहिले, हात मागे बांधून.

"समोरच्या दातानं चावाचं नाई, थे उंदराचं काम. मांगच्या दाढेखाली धरा. डोये मिटा. एकदम फोडू नका, दाबत जा. वला दाणा चपटते, बोलत नाई. लय वायला थो कुरकुर करते. जमला थो एकदाच बोलते. थे ऐका. आन गिळू नका, थुंका."

आधी त्यांनी ओळख करून दिली. मुरवणाच्या ढिगातला ओला दाणा दिला, मग भट्टीजवळचा करकरीत. जाईबाईनं पायाखालून निवडून मधला आणला. पोरांची डोकी वर-खाली व्हायला लागली. मग आरती दर दहा मिनिटांनी ड्रायरमधून वाटी काढायला लागली, कधी वरच्या ओल्या थरातली, कधी भट्टीजवळच्या वाळलेल्या. ती पोरगी मोठी पक्की. एकच वाटी दोनदा फिरवायची, आकडा कुणाला सांगायची नाही. ज्यांनी एकाच वाटीला दोन वेगळे निकाल दिले अशा सहा जणांना तिनं गोड बोलून पाणी वाटायला पाठवलं. आचल नावाची एक पोरगी होती, दोन वेण्यांची, मघाशी पहिली फस्सकन हसली ती हीच. तिचा एकही निकाल चुकला नाही.

"तुले कसं समजते वं?" नत्थुजींनी तिच्यापुढे बसून विचारलं.

"कानात नाई, आबा. हिरडीत समजते. बारीक झिणझिण होते."

एकतीस वर्षं नत्थुजींनी लोकांना आवाज आवाज सांगितला होता. पण हिरडीतली ती झिणझिण त्यांच्याही ओळखीची होती, आणि कवळीखाली तीच तर हरवली होती. "बराबर," ते म्हणाले. "एकदम बराबर, बेटा."

दीड वाजता आरतीनं वही मिटली. "सर, आपून पॅनलमध्ये साडेअकरा टक्के टाकलं होतं. पोरं साडेनऊवर आली. तेहतीसपैकी एकतीस जण."

"टाक साडेनऊ!"

मग थांबणं आलं. ड्रायर आता लवकर सोडणार नव्हता. पोरं पडद्यासमोर दाटीवाटीनं बसली आणि उतरत्या आकड्यासोबत ओरडायला लागली. अकरा. साडेदहा. दहा झाल्यावर आकडा बराच वेळ हलेना, तेव्हा मुख्याध्यापकांनी उगाच टाय सैल केला. शेट खुर्ची सोडून पोरांत येऊन उभा होता. शेखर बापाचा हात मनगटाशी घट्ट धरून होता, आणि आपण तो धरला आहे हे त्याला कळतही नव्हतं.

साडेनऊ. हिरवा दिवा. झाकण सरकलं.

जाईबाई आधी शिरली. चार पावलं चालली, मान हलवली. "खडखडीत हाय आता!" रोलरचा पट्टा फिरला, घरघर वाढली, आणि खालच्या तोंडातून दाळ यायला लागली. पिवळीधमक, अख्ख्या पाकळ्यांची, कडा शाबूत, स्वच्छ. टरफलं दुसऱ्या बाजूनं वाऱ्यावर उडत होती. शेटनं ओंजळ भरली, फुंकर मारली, उन्हात नेऊन बघितली. पोरांनी श्वास धरले.

"फटका," शेट म्हणाला. मग मोठ्यानं, सगळ्या मिलला ऐकू जाईल असं, "फटका हाय रे! शेखर, राहू दे पॅनल. आन बाकीच्या दोन लाइनीचं माप घेऊन जा."

पुढचा गोंधळ काय सांगायचा! पोरं नाचली, हमालांनी शेखरला उचललं, त्याची चप्पल तुरीत हरवली. शेट आरतीसमोर आला, थोडा घुटमळला आणि म्हणाला, "बेटा, काल मी बोललो थे मांगं घेतो." आरती रडता रडता हसली आणि तिनं काजळीच्या हातानंच डोळे पुसले, त्यामुळे तिचा सगळा चेहरा काळा झाला.

पोरं सकाळपासून नुसते दाणे चावून थुंकत होती, त्यांना भूक लागली होती. शेटनं त्याच दाळीचं वरण लावायला सांगितलं. भट्टीशेजारी तीन दगड मांडले, मोठं भगोणं चढलं, आणि तासाभरात पटांगणात पंगत बसली. वरणावर तिखटाची फोडणी, बाजूला भाताचे ढीग. नत्थुजी पोरांच्या रांगेत मधोमध मांडी घालून बसले, एका बाजूला आचल, दुसऱ्या बाजूला तो किडक्या दाढेचा पोरगा. पोरं त्यांना विचारत होती आणि ते बोलत होते, कवळीविनाच, मोठमोठ्यानं हसत होते.

शेखर वरणाची बादली घेऊन वाढत आला. बापासमोर वाकला, खिशातून रुमाल काढला आणि हळूच म्हणाला, "बाबा, जेवाले पायजे ना? देऊ काय?"

नत्थुजींनी भात फोडला, मधे खड्डा केला.

"वरणाले दात कायले लागते बे?" ते म्हणाले. "वाढ इकडे. आन झालं की तूही बस, दोन दिवसाचा उपाशी हायेस."